पाण्यावरून उसळून आलेला संदेश

शेवगाव तालुक्यात नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या, फुगवट्याला लागून गाळपेराच्या जमिनी आहेत. जसजसं पाणी मागे सरकतं, तसतसा काळा, भेगाळलेला गाळ उघडा पडतो आणि त्यात हरभरा, भुईमूग, चारा उभा राहतो. एप्रिलमधल्या एका सकाळी त्या गाळपेराच्या वरच्या अंगाला एका शेताची रोव्हरने मोजणी चालू होती आणि मी ती पाहायला थांबलो होतो. भूकरमापकाच्या हातात दोन मीटरचा खांब, खांबाच्या टोकाला पांढरी तबकडी, कमरेशी छोटा पडदा. खांबावरच्या काचेतला बुडबुडा मधोमध आणायचा, पडद्यावर ‘फिक्स’ अशी अक्षरं उमटेपर्यंत श्वास रोखल्यासारखं उभं राहायचं आणि मग बिंदू नोंदवायचा. बांधाच्या तीन कोपऱ्यांवर हे झटपट झालं. चौथ्या कोपऱ्याला मोटारीची पत्र्याची खोली होती. तिथे पडदा ‘फ्लोट’च्या पुढे जाईना.

“काका, जरा पत्र्यापासून लांब घेऊ. सिग्नल पत्र्यावरून उसळून येतोय,” भूकरमापक म्हणाला.

शेतकऱ्याने मान वळवून फुगवट्याकडे पाहिलं. “अन् त्या पाण्यावरून नाही का येत, साहेब?”

“येतो की. पाणी तर पत्र्यापेक्षा वाईट.”

त्या शेतकऱ्याने नकळत विचारलेल्या प्रश्नावर गेली तीस वर्षं जगभर काम चालू आहे. मोजणीदार ज्या उसळून आलेल्या संदेशाला टाळतो, त्याच संदेशावरून समुद्राची उंची मोजता येते. समुद्राची मोजता येते, तर धरणाचीही येते. आणि फूटभर पाण्यावरून मोर्चे निघणाऱ्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याने ही विद्या समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आधी ‘वाईट’ म्हणजे काय ते पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांची प्रक्षेपणशक्ती जुन्या पिवळ्या बल्बच्या तोडीची, आणि तेवढ्या शक्तीत ते अखंड एकच गोष्ट सांगत असतात: मी अमुक ठिकाणी आहे, आणि आत्ता इतके वाजलेत. रिसीव्हर संदेश पोचल्याची वेळ पाहतो, निघाल्याची वेळ वजा करतो आणि प्रकाशाच्या वेगाने गुणून उपग्रहापर्यंतचं अंतर काढतो. सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे जवळपास एक फूट. संदेश सरळ न येता पत्र्यावर किंवा पाण्यावर आपटून आला, तर त्याची वाट लांबते. रिसीव्हरला वाटतं, उपग्रहच लांब आहे, आणि हद्दीची खूण सरकते. म्हणून रोव्हरच्या तबकडीची घडणच अशी असते, की खालून येणारं शक्य तितकं ऐकू येऊ नये. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाची सत्तरहून अधिक कायमची केंद्रं आहेत. त्यांच्या आधाराने रोव्हर सेंटिमीटरपर्यंतचं माप देतो. त्या केंद्रांच्या जागा निवडतानाही आजूबाजूला काही उसळवणारं नसावं, हे पाहिलं जातं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये एका लष्करी विमानातल्या रिसीव्हरने समुद्रावरून उडताना भलतंच केलं. पाण्यावरून उसळून आलेल्या संदेशालाच त्याने खरा संदेश मानलं आणि विमानाची जागा चुकीची सांगितली. एका परीने ती सगळ्यांना सावध करणारी घटना होती. पण तिचा दुसराही अर्थ निघत होता. समुद्रावरून उसळलेला संदेश इतका ठणठणीत असतो, की साधा रिसीव्हर त्याला पकडून ठेवू शकतो. १९९३ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेतले अभियंता मॅन्युएल मार्टिन-नेइरा यांनी हा दुसरा अर्थ कागदावर मांडला. एक अँटेना आकाशाकडे, दुसरी समुद्राकडे. वरची सरळ आलेला संदेश ऐकेल, खालची उसळलेला. दोन्ही पोचण्याच्या वेळांत जो फरक पडेल, त्यात समुद्राची उंची दडलेली आहे. या योजनेला त्यांनी ‘पॅरिस’ असं आद्याक्षरी नाव दिलं.

यात एक बारीक गंमत आहे. हे संदेश अवकाशातून येताना मळसूत्रासारखे उजव्या हाताने पिळलेले असतात. पाण्यावर वरून आपटले की पीळ उलटा होतो, आरशात उजवा हात डावा दिसतो तसा. म्हणून समुद्राकडे पाहणारी अँटेना डाव्या पिळाची बनवतात.

हा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. समुद्राची उंची मोजणारे रडार उपग्रह तर आधीपासून आहेतच. १९९२ चा अमेरिका-फ्रान्सचा ‘टोपेक्स-पोसायडन’ आणि २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून निघालेला आपला आणि फ्रान्सचा ‘सरल’ ही त्यांतली दोन नावं. त्यांचं काम अतिशय नेमकं आहे. पण ते ठीक पायाखालीच पाहतात. टोपेक्सच्या दोन शेजारच्या वाटांमध्ये विषुववृत्तावर तीनशेहून अधिक किलोमीटरचं अंतर पडायचं आणि त्याच वाटेवर तो दहा दिवसांनी परतायचा. मधल्या पट्ट्यात भोवरा उठून विरून गेला तरी कळायचं नाही. उसळलेल्या संदेशांचं गणित वेगळं आहे. जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइदोऊ आणि आपले नाविक मिळून शंभराहून अधिक उपग्रह आज आकाशात बोलत आहेत. प्रत्येकाचा आवाज समुद्रावर कुठे ना कुठे उसळतोच. ऐकणाऱ्याने फक्त ऐकायचं, स्वतः काही पाठवायचं नाही. त्यामुळे यंत्र लहान, विजेची भूक कमी, आणि एकच यंत्र एकाच वेळी अनेक ठिकाणची मापं घेतं.

समुद्रावर मात्र एक अडचण उभी राहते. ती समजायला पौर्णिमेच्या रात्री भंडारदऱ्याला जावं. वारा पडलेला असला की आर्थर जलाशयात चंद्राचं एकच गोल बिंब दिसतं. झुळूक आली की ते फुटतं आणि तुमच्यापासून पलीकडच्या काठापर्यंत चांदण्याची लांब वाट पडते. प्रत्येक लाटेची एखादी बाजू चंद्राचा तुकडा तुमच्याकडे फेकत असते. खवळलेल्या समुद्रावर उपग्रहाच्या संदेशाचं हेच होतं. एका बिंदूवरून परतायचा तो किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेल्या वाटेवरून, तुकड्यातुकड्यांनी, थोडा आधी थोडा नंतर असा परततो. त्यातला सर्वांत आधी पोचणारा भाग उंची सांगतो, आणि मागची शेपटी किती लांबली आहे ते वारा आणि लाटा किती आहेत हे सांगते.

आणि हा परतलेला आवाज फार क्षीण असतो. शिवाय जीपीएसच्या सर्वसामान्यांसाठी खुल्या संकेताचा एकेक तुकडा सुमारे तीनशे मीटर लांब असतो. तीनशे मीटरच्या फुटपट्टीने सेंटिमीटर मोजायचे, म्हणजे किती कसरत पाहा. तरीही २००२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी विमानातून समुद्राची उंची पाच सेंटिमीटरपर्यंत नेमकी मोजून दाखवली. त्याच सुमारास १९९४ मधल्या एका अवकाशयानाच्या जुन्या रडार नोंदींत जीपीएसचा समुद्रावरून उसळलेला संदेश सापडला. कुणी मुद्दाम टिपला नव्हता, तो आठ वर्षं तसाच पडून होता. १५ डिसेंबर २०१६ ला नासाचे ‘सिग्नस’ हे आठ छोटे उपग्रह एकदम सोडले गेले. प्रत्येकी तीसेक किलोचे, आणि आठ जण मिळून सेकंदाला बत्तीस ठिकाणचे प्रतिध्वनी टिपणारे. त्यांचं मुख्य काम चक्रीवादळातला वारा मोजण्याचं, म्हणजे त्या लांबलेल्या शेपटीचं. वाऱ्याच्या मोजणीत ही पद्धत स्थिरावली आहे. अवकाशातून खुल्या, खवळलेल्या समुद्राची उंची मोजण्यात ती अजून रडार उपग्रहांची बरोबरी करत नाही. जिथे पृष्ठभाग सपाट आहे, उदाहरणार्थ गोठलेल्या समुद्राचं बर्फ, तिथे ती सेंटिमीटरांत बोलू लागते.

सपाट म्हणजे किती सपाट? जीपीएसची मुख्य लहर एकोणीस सेंटिमीटरची असते. तिच्या दृष्टीने दोनेक सेंटिमीटरच्या तरंगांचं पाणी आरसाच असतं. संदेश तिरपा, क्षितिजालगत आला तर दहा-बारा सेंटिमीटरच्या लाटाही चालून जातात. समुद्र क्वचितच इतका शांत असतो. पण फुगवटा? सकाळच्या वेळी तो जवळजवळ रोजच असा असतो. समुद्रासाठी शोधलेल्या या विद्येला धरणाचं पाणी जास्त मानवतं, आणि इथूनच तिचा आपल्याशी संबंध सुरू होतो.

काठावर उभं राहून मोजायची रीत याहून सोपी आहे, आणि मला ती जास्त सुंदर वाटते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या क्रिस्टीन लार्सन जमिनीची हालचाल मोजणाऱ्या जीपीएस केंद्रांवर काम करत होत्या. उपग्रह उगवताना किंवा मावळताना संदेशाचा जोर एका लयीत कमी-जास्त होतो, हा हेलकावा सगळ्यांनाच ठाऊक होता आणि सगळे त्याला उपद्रव समजत होते. लार्सन यांनी त्या उपद्रवाचीच लय मोजली. सरळ आलेली लहर आणि खालून उसळून आलेली लहर एकमेकींना कधी साथ देतात, कधी मारक ठरतात. उपग्रह वर चढतो तसतसा दोन्ही वाटांमधला फरक बदलतो आणि जोर झुलू लागतो. अँटेना पाण्यापासून जितकी उंच, तितकी झुलण्याची लय जलद. लय मोजली की उंची कळते. वेगळी डाव्या पिळाची अँटेना नको, पाण्याकडे वळवलेली तबकडी नको. मोजणीच्या केंद्रावर असते तीच पुरते, कारण तिरप्या संदेशाचा पीळ पुरता उलटत नाही आणि तबकडीला तो थोडाफार ऐकू येतोच.

आकडे घालून पाहू. काठावर एक अँटेना उभी केली आणि ती पाण्यापासून दहा मीटर उंच आहे असं धरा. एखादा उपग्रह क्षितिजापासून पाच अंशांवरून वीस अंशांवर चढेपर्यंत त्याच्या संदेशात सुमारे सत्तावीस हेलकावे दिसतील. पाणी मीटरभर वर आलं आणि अंतर नऊ मीटर उरलं, की तेवढ्याच चढाईत चोवीस हेलकावे होतील. अर्ध्या-पाऊण तासाची ही नोंद. आणि ती एका ठिपक्यावरची नसते. त्या वेळात संदेश काठापासून शंभरेक मीटर आतपासून पंचवीस-तीस मीटरपर्यंतच्या पाण्याला स्पर्शून आलेला असतो. पाण्यात काही रोवायचं नाही, गाळाने बुजणारी नळी नाही, पुराबरोबर वाहून जाणारी पट्टी नाही. लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बर बंदरात दहा वर्षांच्या नोंदी नेहमीच्या भरतीमापकाशी ताडून पाहिल्या. एकेका नोंदीत दहा-बारा सेंटिमीटरची चूक निघाली. दिवसभराच्या नोंदींची सरासरी घेतली, तेव्हा ती दोन सेंटिमीटरच्या आसपास आली.

आता हे दोन सेंटिमीटर नाथसागरावर ठेवून बघा. धरण पूर्ण भरलं की पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतं. तेवढ्या पसाऱ्यावरचं एक सेंटिमीटर म्हणजे साडेतीनशे कोटी लिटर. वरचा एक फूट म्हणजे जवळपास पावणेचार टीएमसी (अब्ज घनफूट). आणि अकोले तालुक्याच्या डोंगरात १९२६ मध्ये पूर्ण झालेलं आख्खं भंडारदरा धरण अकरा टीएमसीचं. पैठणच्या भिंतीवरच्या एका फुटात भंडारदऱ्याचा तिसरा हिस्सा मावतो.

नगरकरांना या आकड्यांचं वजन समजावून सांगायची गरज नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातल्या धरणांत समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आणलं. २०१३ मध्ये त्या वाटपाचे निकष सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीचा अहवाल आला आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत किती टक्के पाणी आहे, हा दरवर्षीचा प्रश्न झाला. त्या अहवालाप्रमाणे, पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल तर मुळा, प्रवरा आणि नाशिककडच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं. २०२३ मध्ये असं ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला होता. राहुरी-श्रीरामपूरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते त्याच्या उसाचं आवर्तन, पैठणच्या खालच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याच्या पिकाचा जीव. दोघेही खरे. अशा वेळी पाणीपातळीचं माप जितकं नेमकं, आणि जितकं दोघांनाही सारखं पाहता येण्याजोगं, तितकी भांडणातली एक तरी गाठ सैल होते.

धरणाच्या भिंतीजवळची पातळी मोजायची पट्टी चुकीची असते असं मला म्हणायचं नाही. पण नाथसागर पन्नासेक किलोमीटर लांब आहे आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. तो पाणी पूर्वेकडे, भिंतीकडे रेटतो. उथळ, पसरट जलाशयात अशाने दोन टोकांच्या पातळीत काही सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. प्रवरासंगमला टोक्याच्या पुलाशी एक, शेवगावच्या काठावर एक आणि पैठणला एक, अशा तीन अँटेना उभ्या केल्या, तर वाऱ्याने कलंडलेलं पाणी तिथल्या तिथे दिसेल. पातळीवरून साठा काढताना गाळाचा हिशेब वेगळा करावाच लागतो, तो कुठलीही अँटेना करून देणार नाही. पण पातळी तरी वादातून बाहेर निघेल.

पैठणच्या भिंतीवर १५२२ फूट लिहिलेलं असतं. धरण पूर्ण भरल्याचं हे माप. १५२२ फूट कशापासून? समुद्रसपाटीपासून. कळसूबाई १६४६ मीटर, तीही समुद्रसपाटीपासून. समुद्र न पाहिलेला माणूसही आपल्या धरणाचं पाणी समुद्रापासूनच मोजतो. आणि ही ‘सपाटी’ मुळीच सपाट नाही. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं नसल्याने समुद्राच्या पृष्ठभागावर डोंगर आणि दऱ्या आहेत. त्यातली सर्वांत खोल दरी आपल्याच हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे. पृथ्वीचा गणिती आकार धरला तर तिथला समुद्र त्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली आहे. महाराष्ट्रही त्या दरीच्या उतारावर बसलेला आहे. म्हणून दुरुस्ती न केलेला जीपीएस रिसीव्हर घेऊन कुणी कळसूबाईवर गेलं, तर उंची साठेक मीटर कमी दिसते. शिखर खचलेलं नसतं, उपग्रह गणिती आकारापासून मोजतात आणि आपण समुद्रापासून.

मुंबईत अपोलो बंदराला १८७८ पासून भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत, आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी त्या एक. पण असा मापक समुद्र जमिनीच्या तुलनेत किती वर आला, एवढंच सांगतो. समुद्र चढला की धक्का खचला, हे त्याला कळत नाही. काठावरची जीपीएस अँटेना दोन्ही सांगते. सरळ संदेशांवरून ती स्वतः किती खचली ते, आणि उसळलेल्यांवरून समुद्र तिच्यापासून किती अंतरावर आहे ते. धरणाच्या भिंतीवर उभी केली तर भिंतीची आणि पाण्याची अशी दुहेरी नोंद एकाच खांबावर मिळेल.

भारतानेही या वाटेवर पाऊल टाकलं आहे. १६ ऑगस्ट २०२४ ला इस्रोने सोडलेल्या ‘ईओएस-०८’ उपग्रहावर असे प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र होतं, अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने बनवलेलं. दोन दिवसांत त्याने सहारा वाळवंटावरून पहिल्या नोंदी पाठवल्या आणि त्यांवरून मातीतला ओलावा काढला गेला. पाठोपाठ ॲमेझॉनच्या जंगलातलं पुराचं पाणी आणि प्रशांत महासागरावरचा वारा टिपला गेला. या लहरी ढगांतून आणि पावसातून विनासायास आरपार जातात. आपली धरणं भरतात ती नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा घाटघर-रतनवाडीवर ढग बसलेले असतात आणि कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खाली पांढऱ्या कापसाखेरीज काही दिसत नाही. त्याच महिन्यांत पाथर्डी-जामखेडला मातीत ओल उतरली की नाही, याची घालमेल चालू असते. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांच्या दोन काळज्या या एका पद्धतीत येतात.

आणि नाविकचं एक वैशिष्ट्य मला फार मोलाचं वाटतं. त्याचे काही उपग्रह भूस्थिर आहेत, आकाशात एकाच जागी असतात. उपग्रह हलत नाही, तेव्हा संदेशाचा झोका उपग्रहामुळे नसतो. तो झुलतो पाणी चढलं किंवा उतरलं म्हणून. एखादा असा उपग्रह क्षितिजापासून पंचवीस अंशांवर दिसत असेल, तर नाविकच्या सुमारे साडेपंचवीस सेंटिमीटरच्या लहरीचं गणित असं निघतं, की पाणी तीस सेंटिमीटर चढलं की एक हेलकावा पुरा. तीस सेंटिमीटर म्हणजे आपला फूट. दर फुटाला एक झोका.

मोजणी आटोपली तेव्हा ऊन चढलं होतं. चौथा कोपरा शेवटी खोलीपासून दूर दोन बिंदू घेऊन, त्यांवरून टेप लावून काढला. शेतकरी मला पाण्याच्या काठाशी घेऊन गेला. तिथे ओल्या गाळात बाभळीची एक काठी रोवलेली होती. काल तिन्हीसांजेला पाणी काठीला चाटून होतं, त्याने सांगितलं. आता काठी आणि पाण्याच्या मधे दोन हात ओला गाळ चमकत होता. इथला उतार इतका मंद, की सेंटिमीटरभर पाणी उडालं तरी एवढी जमीन उघडी पडते. तो खाली वाकला, काठी उपटली आणि पाण्याच्या नव्या कडेला पुन्हा रोवली.

“रातीतून एवढं गेलं बघा,” तो म्हणाला.